तिसऱ्या नंबरचा प्लग

आमच्या चारकोपच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की बाकीचे लोक त्यांचं गाव विचारतात. पेडणेकरकाका त्यांच्या गाडीचा जुना स्पार्क प्लग मागतात.

माणूस गोंधळतो. पेट्रोलमध्ये ठिणगी पाडणारा हा बोटभर लांबीचा तुकडा इंजिनात असतो एवढंच त्याला ऐकून माहीत असतं. काका त्याला समजावतात की पुढच्या वेळी प्लग बदलशील तेव्हा जुने फेकू नकोस, मला आणून दे. आणि तो आणून देतो. काकांना नाही म्हणणं कुणालाच जमत नाही.

आलेला प्लग काका आधी हुंगतात. मग गॅलरीत उजेडाला धरतात आणि टोकावरचा रंग वाचतात. कॉफीसारखा रंग असेल तर इंजिन सुखी. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. पांढराफटक पडला असेल तर इंजिन तापतंय. ओला काळा असेल तर ऑइल वर येतंय. वाचून झालं की तो प्लग अंड्यांच्या ट्रेमध्ये जातो आणि त्याखाली चिठ्ठी लागते. असे सात ट्रे मी मोजले आहेत. ‘बी २०४. गाडी फक्त मार्केटपर्यंत नेतो.’ ‘ए ३०१. एअर फिल्टर बदलत नाही. बायकोचंही ऐकत नसावा.’ ए ३०१वाल्याने ही चिठ्ठी एकदा वाचली आणि दोन महिने तो काकांशी बोलला नाही. फिल्टर मात्र बदलला.

“प्लग खोटा बोलणा नाय,” हे काकांचं ठरलेलं वाक्य. मालवण सोडून त्यांना पन्नास वर्षं झाली. वडील गिरणीत होते, काका स्वतः एका मोठ्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर इंजिनं तपासत होते. एरवी ते तुमच्याआमच्यासारखं बोलतात, पण प्लगबद्दल बोलताना मधूनच मालवणी बाहेर येते. शर्टाच्या खिशात पेन असावं तिथे त्यांचं फिलर गेज असतं, प्लगच्या टोकातली फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं. एकदा पूजेच्या दक्षिणेसाठी खिशात हात घातला आणि भटजींच्या हातावर गेज ठेवलं. स्वतःची गाडी मात्र त्यांच्याकडे नाही. काकू गेल्या त्या वर्षी त्यांनी ती विकली.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण यात माझी चूक आहे आणि ती सांगायची म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

माझी गाडी चौदा वर्षांची, सीएनजीवर चालणारी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी आईला तिच्यातून बोरिवलीला डायलिसिसला नेतो. मागच्या सीटवर आई आडवी होऊ शकते, म्हणून रिक्षा चालत नाही. अशात एका शुक्रवारी लिंक रोडच्या सिग्नलला गाडी धक्के देऊ लागली आणि दोनदा बंद पडली. मागून हॉर्नचा गजर. आई म्हणाली, “हळूहळू ने, घाई नाही.” डायलिसिसला उशीर झाला तर तिची पाळी मागे जाते, दिवसभर पाय सुजलेले राहतात. घाई होती.

त्याच संध्याकाळी मी काकांकडे गेलो. त्यांनी धक्क्यांची नक्कल करून दाखवायला सांगितली. मी खुर्चीत बसल्या बसल्या चार धक्के दिले. ते म्हणाले, प्लग. स्वस्तातले घ्यायचे, पण खरे.

रविवारी ते मला चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटजवळच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने आधी इरिडियमचे महागडे काढले. काका म्हणाले, याच्या गाडीला चौदा वर्षं झालीत, तिला आता पैठणी नको, सुती साडी दे. मग साधे निकेलचे आले. काकांनी डब्यावरचं छापील अक्षर नखाने खरवडलं, डुप्लिकेट आहे का बघायला. चिनीमातीचा पांढरा भाग उन्हात फिरवला. गेज काढून फटी मोजल्या. चारातले दोन बाजूला ठेवले, म्हणाले, यांची मान वाकडी आहे. दुसरा डबा आला, त्यातला एकच पास.

दुकानदार वैतागला. “काका, प्लग घेताय की पोरीसाठी स्थळ बघताय?”

“स्थळ चुकलं तर पोर माहेरी तरी येते,” काका म्हणाले. “इंजिन कुठे जाईल?”

आम्ही हात हलवत परत आलो. काका म्हणाले, पुढच्या रविवारी घाटकोपरला जाऊ, तिथे ओळखीचा आहे. मी हो म्हणालो. मंगळवार दोन दिवसांवर होता. सोमवारी ऑफिसमधून निघून अंधेरीच्या एका गॅरेजमध्ये मी पंधरा मिनिटांत चार प्लग बदलून घेतले. गाडी मऊ चालू लागली.

काकांना सांगायचं असं ठरवून मी घरी आलो, तर तेच दारात उभे. हातात रुमालात गुंडाळलेले चार प्लग. माझ्यासाठी रविवारपर्यंत थांबणं त्यांना बरं वाटलं नाही, म्हणून ते एकटेच घाटकोपरला जाऊन आले होते. तीन दुकानं पालथी घातली होती. सीएनजीसाठी फट कमी लागते, म्हणून घरी बसून प्रत्येकाची पॉइंट आठ मिलिमीटरला आणली होती. पैसे विचारले तर म्हणाले, ते राहू दे, आधी बसव.

त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, “उद्या पहाटेच बसवून घेतो, काका.”

पुढचं आपोआप आलं. बुधवारी त्यांनी विचारलं, बसवले? मी म्हणालो, बसवले, झकास चालते. मग त्यांनी जुने मागितले. माझे जुने गॅरेजवाल्याने कधीच फेकून दिले होते. मी पुन्हा अंधेरीला गेलो आणि त्याच्या भंगाराच्या डब्यातून माझ्याच मॉडेलच्या कुठल्यातरी गाडीचे चार प्लग उचलून आणले. निघाले तसे क्रमाने ठेवलेत, असंही काकांना सांगितलं. खोटं बोलताना माणूस किती व्यवस्थित होतो.

काकांनी ते हुंगले. तिसऱ्या नंबरचा प्लग उजेडाला धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. तो ओला काळा होता.

“तिसऱ्यात ऑइल येतंय,” ते म्हणाले. “नवीन प्लगने चार दिवस बरं वाटेल. पण ही गाडी रस्त्यात दगा देणार. आईला हिच्यातून नेऊ नकोस.”

मी म्हणालो, बघतो. त्यांनी विचारलं, सकाळी किती वाजता निघता? मी सांगितलं, साडेसहा. मला वाटलं, सहज विचारताहेत.

त्या शुक्रवारी आरशात मागे एक रिक्षा दिसली. रिक्षा काय, सगळीकडेच असतात. मंगळवारीही दिसली. मी हळू झालो की ती हळू होई. पुढच्या शुक्रवारी सिग्नलला ती नेमकी माझ्या शेजारी येऊन थांबली. आत बसलेल्या माणसाने घाईघाईने तोंडासमोर पेपर धरला. पेपर उलटा होता, आणि शर्टाच्या खिशात गेज होतं.

सेंटरवर आईला आत सोडून मी बाहेर आलो, तर रिक्षा समोरच्या फुटपाथला लागलेली. मला बघून ती वळली आणि निघून गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. गाडी रस्त्यात बंद पडली तर आईला पुढे न्यायला मागे काहीतरी असावं, म्हणून हा एकाहत्तर वर्षांचा माणूस माझ्या धडधाकट गाडीमागे हिंडत होता. दुसऱ्याच कुणाच्या प्लगवर विश्वास ठेवून.

चार दिवस मी वाक्यं जुळवत राहिलो. मंगळवारी सकाळी आईला मागच्या सीटवर बसवलं आणि गाडी गेटबाहेरच्या कोपऱ्यावर नेऊन थांबवली. रिक्षा होतीच. काका पेपर शोधू लागले.

मी सगळं सांगितलं. अंधेरीचं गॅरेज, भंगाराचा डबा, त्यांचे प्लग माझ्या कपाटात रुमालासकट पडलेत ते. सांगताना त्यांच्याकडे बघवेना, म्हणून रिक्षाच्या मीटरकडे बघत होतो.

काका रिक्षातून उतरले, माझ्या गाडीपाशी आले, बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले. इंजिन चालूच होतं.

“म्हणजे हिला काही झालेलं नाही?”

“नाही, काका.”

“तिसरा?”

“चारही ठीक आहेत.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता ऐकवतील, आणि मला ते हवंही होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “कपाटाला ओल नाही ना? टोकं गंजतील.” मग हात बॉनेटवरून काढला आणि तो कुठे ठेवावा हे कळत नसल्यासारखा धरून राहिले.

“मग आता,” ते म्हणाले, “मंगळवारी, शुक्रवारी मी यायला नको.”

हा प्रश्न होता की नाही, मला कळलं नाही. मी त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. कडक इस्त्रीचा शर्ट, ताजी दाढी, पायात बूट. सकाळी साडेसहाला. माझ्या जिभेवर आणखी एक खोटं आलं होतं, की पहिल्या नंबरमधून जरा आवाज येतोय. ते बोलायला मी तोंड उघडलंच होतं.

मागची काच खाली झाली. आईने आमचं सगळं ऐकलं होतं. ती देवगडची.

“पेडणेकरांनू,” ती म्हणाली, “ती रिक्षा सोडा बघू. थंय सेंटरात चार तास मिया एकटीच पडान असतंय. ह्यो खाली मोबाइलात डोक्या घालून बसता. गजालीक, दोन शब्द बोलूक कोण तरी होया.”

काका रिक्षावाल्याकडे गेले. त्याला काहीतरी सांगितलं, बराच वेळ त्याचा हात हातात धरून. मग परत आले आणि माझ्या शेजारचं दार उघडणार होते, पण थांबले. मागचं दार उघडून आईला म्हणाले, “वैनी, जरा पाय घ्या.”