बाराचं अ‍ॅव्हरेज

अख्ख्या जालना जिल्ह्यात आठ सिलिंडरची गाडी बाळगणारा पाटबंधारे खात्याचा शाखा अभियंता एकच आहे, आणि तो मी! आमच्या मोठ्या साहेबांच्या गाडीलासुद्धा चारच सिलिंडर आहेत, आणि तेही सरकारी. माझी गाडी जर्मन आहे, काळी आहे, बारा वर्षांची आहे आणि चालू केली की शेजारच्या तीन घरांतली भांडी मांडणीवर हलतात. एवढी गाडी मी एका नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळवली. व्यवहार असा चोख केला की विकणारे बद्रीनारायण शेठ माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. ते सुटकेच्या आनंदानं उभे होते, हे मला नंतर कळलं.

गाडी घेणं म्हणजे लग्न. चालवणं म्हणजे संसार. पहिल्याच महिन्यात टायर गेले. पुढचे एका मापाचे, मागचे दुसऱ्या मापाचे, म्हणजे अदलाबदलीची सोय नाही. ते पुण्याहून मागवले. ऑइल बदलायला गेलो तर मेकॅनिकनं किती लिटर लागणार ते ऐकून विचारलं, "साहेब, ट्रॅक्टर आणला का?" मग एक सेन्सर गेला. दुसरा सेन्सर ठणठणीत आहे एवढं सांगणं हेच त्याचं काम. त्याच्या किमतीत आमचं घर आतून-बाहेरून रंगवून झालं असतं.

हे सगळं मी हसत सोसलं. एकच गोष्ट सोसवेना. आपल्याकडे कुणी गाडीची ताकद विचारत नाही. माणूस गाडीभोवती एक फेरी मारतो, टायरला चपलेनं ढोसतो आणि विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती देती?"

खरं उत्तर होतं पाच. लिटरला पाच किलोमीटर. मी सांगायचो बारा. पंधरा सांगितलं असतं तर लोक हसले असते, आणि आठ सांगताना मलाच रडू आलं असतं.

हे बारा सगळीकडे खपलं. मग मार्च महिन्यात माझे सासरे आले. रामराव एसटीत बत्तीस वर्षं चालक होते. डिझेल वाचवल्याबद्दल मिळालेलं घड्याळ ते अजून मनगटावर घालतात. चहा यायच्या आत त्यांनी गाडीभोवती फेरी मारली आणि टायरला ढोसलं.

"जावईबापू, अ‍ॅव्हरेज किती देती?"

"बारा, मामा."

"मोजलेलं का अंदाजाचं?"

"मोजलेलं."

"कसं मोजलं?"

मी चहा प्यायला लागलो. चहा अजून आला नव्हता.

"मंग असं करू," मामा म्हणाले. "रविवारी जांबला जाऊ. समर्थांचं दर्शन बी होईल आन् हिचं खरंखोटं बी. टाकी फुल करून निघायचं, आल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल करायची. जेवढं बसंल, तेवढं ती पिली. बारा आलं तर ठेवा गाडी. धाच्या खाली आलं तर शेठच्या दारात नेऊन लावा, आन् गपचूप छोटी गाडी घ्या. घर बसंल खर्चाखाली."

मी आशेनं बायकोकडे पाहिलं. उमा साडीचा पदर खोचत म्हणाली, "अप्पा म्हणतील तसं."

म्हणजे माझ्या गाडीचा जीव दीडशे किलोमीटरवर टांगला होता. पण वीस वर्षं मी कालव्यांच्या पाण्याचं गणित केलंय. किती सोडलं, किती मुरलं आणि कागदावर किती दाखवायचं, हे मला कुणी शिकवायला नको. जाऊन-येऊन दीडशे. गाडी पिणार तीस लिटर. बाराच्या हिशेबानं प्यायला हवं साडेबारा. वरचं साडेसतरा लिटर वाटेत गुपचूप तिच्या पोटात गेलं की झालं.

आमच्या गल्लीतला माऊली घनसावंगीला काळीपिवळी जीप चालवतो. त्याला गाठलं.

"माऊली, रविवारी दुपारी घनसावंगीच्या स्टँडच्या मागं साडेसतरा लिटरचा कॅन घेऊन थांब. आणि वहिनीला कळता कामा नये."

"साहेब, माझ्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत न्हाई," माऊली म्हणाला आणि उगाच हसला. मला वाटलं, आदरानं हसला.

रविवारी टाकी गळ्यापर्यंत भरून आम्ही निघालो. गाडी खालून घासते म्हणून प्रत्येक गतिरोधकाला मामांना उतरवावं लागत होतं. अंबडच्या पुढे ते म्हणाले, "याच्यापरीस मी चालत आलो असतो." जांबला दर्शन झालं. लोक समर्थांकडे भक्ती मागतात, मी बारा मागितले.

परतताना घनसावंगीत मामांचे जुने कंडक्टर मित्र भेटले आणि बापलेकीला चहाला घरी घेऊन गेले. मी म्हणालो, "तेवढ्यात मी हवा बघून येतो." स्टँडच्या मागे माऊली नरसाळं लावून तयारच होता. साडेसतरा लिटर एका दमात आत गेलं! हातांना पेट्रोलचा वास आला तो मी बसच्या फलाटावरच्या नळावर धुतला, तरी जाईना.

मामा चहा पिऊन आले आणि म्हणाले, "आता मी चालवतो."

मी किल्ली दिली. पहिले पाच किलोमीटर ते एसटीसारखेच चालले, स्टीअरिंगला दोन्ही हातांनी मिठी मारून. मग मोकळा रस्ता आला आणि त्यांचा पाय जरा जास्त दाबला गेला. गाडीनं असा हुंकार दिला की मामांची टोपी मागच्या सीटवर उमाच्या मांडीत जाऊन पडली. टोपी मागायचंही त्यांना सुचलं नाही. जालन्यापर्यंत त्यांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. मला वाटलं, रागावले.

"सरळ पंपावर घेऊ," शहरात शिरल्यावर मी म्हणालो.

"आधी घरी," उमा म्हणाली. "अप्पांना चहा लागतो. तुम्ही ठेवा चहा, मी गाडीतल्या पिशव्या काढते."

माहेरच्या माणसासमोर तिनं मला चहा ठेवायला सांगण्याची ही पहिलीच वेळ. पण मी जिंकत आलो होतो, म्हणून उदार झालो. पिशव्या दोनच होत्या, तरी तिला यायला पंधरा मिनिटं लागली. स्वयंपाकघरात ती आली तेव्हा पेट्रोलचा वास आला. माझेच हात, असं समजून मी ते पुन्हा घासले.

मग पंपावर गेलो. पंपावरच्या माणसानं पाइप टाकीत घातला. टक्क करून तो बंद पडला. त्यानं पुन्हा दाबला. पुन्हा टक्क.

"दीड लिटर बसलं," तो म्हणाला.

मामांनी त्याला आकडा परत वाचायला लावला. मग स्वतः वाचला. मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, जणू तेही काहीतरी सांगणार होतं.

"दीडशे भागिले दीड," ते हळूच म्हणाले. "शंभर."

शंभर! मोटारसायकल देत नाही एवढं! मी कुठे चुकलो तेच कळेना. पण रांगेतले लोक ऐकत होते. एकानं विचारलं, "पाण्यावर चालती का?" दुसऱ्यानं मेकॅनिकचं नाव मागितलं. तिसऱ्यानं गाडीसोबत माझा फोटो काढला. खोटं बोललो असं मला मुळीच वाटेना. मी काळा चष्मा लावला आणि म्हणालो, "चालवण्यावर असतं सगळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बद्रीनारायण शेठ उभे.

"गिरिधरजी, गावात बोलून राह्यले, गाडी शंभर देती म्हणून. माझ्याकडं चार साल होती. पाचच्या वर कधी गेली न्हाई. बिलकुल न्हाई. तुम्ही काय केलं ते सांगा, न्हाईतर गाडी मला परत द्या. लाख रुपये वरून देतो."

पाच हा आकडा ओसरीवर स्पष्ट ऐकू गेला. तिथे मामा दाढी करत होते. त्यांचा हात गालावर थांबला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात माऊली आत आला. "साहेब, दुसरा कॅन रिकामा झाला असेल तर देता का?"

"दुसरा कुठला? एकच होता."

माऊलीनं उमाकडे पाहिलं. उमानं जमिनीकडे पाहिलं. मग ती आत गेली आणि न्हाणीतल्या उपड्या बादलीखालून एक कॅन घेऊन आली.

"अकरा लिटरचा," ती म्हणाली. "त्याहून जड मला उचलवला नसता."

"तुला माहीत होतं? पाच देते ते?"

"तुमच्या शर्टाच्या खिशातल्या पंपाच्या पावत्या धुण्याआधी कोण काढतं?"

"आणि माऊली, तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणले वहिनीला सांगू नको. वहिनी म्हणल्या साहेबाला सांगू नको. मी कुणाचाच शब्द मोडला न्हाई."

"पण उमा, तू कशाला?"

ती बापासमोर जरा अडखळली. "गाडी पुसताना तुम्ही शीळ घालता. लग्नाला एकवीस वर्षं झाली, मी कधी ऐकली नव्हती. ती बंद पडू नये वाटलं."

एवढं प्रेम आणि तेही अकरा लिटर! मी मामांसमोर जाऊन उभा राहिलो आणि किल्ली पुढे केली. "चुकलो, मामा. पाचच देते. शेठना देऊन टाका."

मामांनी अर्ध्या गालाचा साबण पुसला. किल्ली घेतली. बराच वेळ तळहातावर ठेवून बघत राहिले.

"शेठ," ते म्हणाले, "गाडी विकायची न्हाई."

"पण ती पाच देती, रामरावजी!"

"बत्तीस वर्षं मी पाचचीच गाडी चालवली. आन् तिला असा दम नव्हता." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "उतार असला आन् वारा पाठीमागून असला, तर बारा देती ही. मी सांगतो. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

अशी गाडी राहिली! शेठ हात हलवत गेले, माऊली कॅन घेऊन गेला आणि मी त्या दिवशी दोनदा गाडी पुसली.

आता सहा महिने झाले. पेट्रोलचा खर्च दुप्पट झालाय, कारण मामा रोज सकाळी गाडी अंबडपर्यंत फिरवून आणतात. गावी परत कधी जाणार, हे विचारायची कुणाची हिंमत होत नाही, कारण किल्ली त्यांच्या खिशात असते. पण जिल्ह्यात आठ सिलिंडरची गाडी असलेला शाखा अभियंता अजूनही मीच एकटा आहे. रविवारी मला मागच्या सीटवर बसू देतात.