बोटभरही मागे नाही

भूमापकांनी सकाळच्या फिरण्यात खिशात भिंग ठेवायला सुरुवात केली, तेव्हा घरात कोणी त्याची दखल घेतली नाही. पण रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक मोटारीच्या चाकाशी उकिडवे बसलेले निवृत्त गृहस्थ पाहून शेजाऱ्यांना जे वाटायचे ते वाटलेच. त्यातच समोरच्या दंतवैद्यांच्या गाडीची हवा एका सकाळी खरोखर गेली आणि त्यांच्या घरून चौकशीचा फोन आला. भूमापकांच्या पत्नीने तो घेतला. डॉक्टरांचे अक्षर लावून औषधे देण्यात त्यांचे निम्मे आयुष्य गेले होते, त्यामुळे घाई न करण्याची त्यांना सवय होती.

"हवा सोडत नाहीत हो ते," त्या म्हणाल्या, "टायर वाचतात."

या वाचनाचे कारण मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभे होते. बाईंच्या वडिलांनी मृत्यूपूर्वी आपली जुनी, दोन दारांची, बुटकी मोटार मुलीच्या नावावर केली होती. घरात तिला 'डबी' म्हणत. मुलाला, म्हणजे बाईंच्या थोरल्या भावाला, वडिलांची लांबलचक दुसरी मोटार मिळाली होती, फर्निचरचे दुकान मिळाले होते आणि जावयाला 'जावईबापू' म्हणण्याची वडिलांची लकबही मिळाली होती. डबी तेवढी मिळाली नव्हती, आणि ज्याला बहुतेक सगळे मिळते त्याला उरलेलेच सलते.

दरवर्षी जुन्या मोटारींचा मेळावा भरे आणि सगळ्या गाड्या टेकडीवरच्या बागेपर्यंत चढत. गेल्या वर्षी शेवटच्या वळणावर, दवाने ओल्या झालेल्या रस्त्यावर डबीची चाके जागच्या जागी फिरली आणि डबी, भूमापकांसह, सावकाश मागे घरंगळत येऊन वळणाखाली मांडलेल्या चहाच्या टेबलाला टेकली. कोणाला इजा झाली नाही. किटली मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली.

मेहुण्यांनी तो प्रसंग वर्षभर जपला. यंदा मेळावा जवळ आल्यावर ते घरी आले आणि बाई आत चहा टाकत असताना म्हणाले, "जावईबापू, बाबांची गाडी अशी घरंगळताना मला बघवत नाही. या वेळी मागे आली, तर ती सरळ माझ्या शेडमध्ये. कबूल?"

दुसरा कोणी असता तर 'नाही' म्हणाला असता किंवा हसला असता. भूमापकांनी अटीच्या शब्दरचनेवर हरकत घेतली. मागे म्हणजे किती मागे, असा त्यांचा प्रश्न होता. मोजमापाशिवाय केलेला करार हा करार नव्हे, अशी त्यांची धारणा होती. बराच वाद होऊन असे ठरले की चाक बोटभर जरी मागे आले तरी डबी मेहुण्यांची. चहा घेऊन बाई बाहेर आल्या तेव्हा दोघे हस्तांदोलन करत होते. कशाबद्दल, ते त्यांनी विचारले नाही. भिंतीपलीकडून त्यांना सगळे ऐकू आले होते.

आता, घसरण्याला कारण चालक असतो की टायर, या प्रश्नाला दोन बाजू आहेत. भूमापकांनी टायरची बाजू घेतली. शर्यतीच्या जातीचे, मऊ रबराचे, रुंद आणि खोल खाचांचे टायर बसवले तर डबी उभ्या भिंतीवरही चढेल, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि टायरवाल्याच्या दुकानात जाऊन त्याला तो समजावून सांगितला. टायरवाल्याने इतक्या लहान चाकांसाठी असला माल येत नाही असे सांगून पाहिले. मग एक जोडी येते, पण उंचीला थोडी जास्त पडते, असे सांगून पाहिले. शेवटी बाकीची गिऱ्हाइके ताटकळलेली पाहून चारही टायर, आणि राखीव चाकासाठी पाचवा, मागवून दिले.

"मीटरमध्ये फरक पडेल हां, साहेब," तो म्हणाला.

"पडेलच," भूमापक म्हणाले. "चाक मोठं, म्हणजे फेरे कमी. काट्यावर वेग कमी दिसणार, प्रत्यक्षात जास्त असणार. मी मनात थोडा वाढवून धरीन."

हे उत्तर निर्दोष होते, आणि पुढचा सगळा घोटाळा या निर्दोष उत्तरातूनच जन्माला आला.

टायर बसले, ते दिसलेही रुबाबदार. डबीने मोठ्या भावाचे बूट घातल्यासारखे वाटत होते. पण रुंद टायरमुळे उभ्या गाडीचे सुकाणू वळेना. नवरा-बायकोने चारही हात लावून ते वळवले, तेव्हा टायर वरच्या पत्र्याला घासून असा आवाज आला की दंतवैद्य आपल्या खिडकीत आले. पत्रा कापावा, असे भूमापकांनी सुचवले.

"बाबांच्या गाडीला कात्री लागणार नाही," बाई म्हणाल्या.

तेव्हा गाडी वळवायची ती मोठ्या वळशाने, असे ठरले. मग असे आढळले की राखीव चाक आपल्या खळग्यात बसत नाही. ते मागच्या सीटपुढे ठेवावे लागले आणि त्या जागी वर्षानुवर्षे असलेला पेट्रोलचा डबा घरी राहिला. त्याने वजनही कमी होईल, असे भूमापक म्हणाले. चढावर वजन हाच खरा शत्रू. त्यानंतर त्यांना समजले की मऊ रबर तापल्याखेरीज धरत नाही. म्हणून मेळाव्याच्या सकाळी त्यांनी टायर तापवण्यासाठी डबीला टेकडीभोवती प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली. मधूनमधून ते थांबत, उतरत आणि ताप पाहावा तसा टायरवर हाताचा पालथा पंजा ठेवत.

"पेट्रोल बघितलंत का?" शेजारी बसलेल्या बाईंनी विचारले.

डबीचा पेट्रोलचा काटा वडिलांच्या काळापासून 'पूर्ण भरलेली' या खुणेवर मरून पडला होता. वडिलांची रीत अशी की टाकी भरली की अंतराचा आकडा शून्यावर आणायचा आणि तो ठरावीक जागी पोचला की पुन्हा भरायची. भूमापकांना ही रीत मनापासून आवडे. काटा खोटे बोलू शकतो, अंतर नाही. उभ्या हयातीत त्यांनी जमिनी मोजल्या होत्या आणि त्यांच्या मोजणीवर कोणाला बोट ठेवता आले नव्हते. त्यांनी आकडा पाहिला.

"पुष्कळ आहे अजून," ते म्हणाले.

चढाला सुरुवात झाली. मेहुण्यांनी आग्रहाने आपली लांबलचक मोटार डबीच्या मागेच लावून घेतली होती. डबी घरंगळलीच तर झेलायला कोणीतरी आपले माणूस हवे, असे ते संयोजकांना म्हणाले होते. रस्ता ओला होता. डबीने पहिले वळण मोठ्या वळशाने घेतले, दुसरे त्याहून मोठ्या वळशाने. शेवटचे वळण आले. जिथे गेल्या वर्षी चाके फिरली होती, तिथे ती घोरपडीसारखी रस्त्याला धरून राहिली. भूमापकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरू लागले आणि ते पुरते पसरायच्या आत इंजिन खोकले, पुन्हा खोकले आणि बंद पडले.

भूमापकांनी ब्रेक दाबला. डबी उभी राहिली, अगदी ठोकलेल्या खुंटीसारखी.

मागे मेहुण्यांनीही ब्रेक दाबला. त्यांच्या मोटारीचे टायर वडिलांच्या हयातीतले होते. रोज पुसल्याने चकचकीत आणि वापराने गुळगुळीत. त्या भारदस्त वाहनाने क्षणभर विचार केल्यासारखे केले आणि मग, कोणी मोठा मनुष्य सभेतून पाठ न दाखवता निघावा तशी ती मोटार हळूहळू मागे मागे जात कडेच्या गवताळ चरात मागच्या अंगाने बसली.

मग भूमापकांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"दादा, मागे कोण गेलं, त्याची नोंद असावी."

मेहुणे दार ढकलून चरातून वर आले. "तुमची तरी वर पोचली का, जावईबापू?"

"पोचण्याची अट नव्हतीच. मागे न येण्याची होती. शब्द आठवा."

"बंद पडलेली गाडी मागे आली नाही, यात कसली मर्दुमकी? कपाटसुद्धा मागे येत नाही."

या युक्तिवादात तथ्य होते आणि भूमापकांनी एरवी त्याचा समाचार घेतला असता. पण त्यांची नजर अंतराच्या आकड्यावर गेली होती. चाक मोठे, म्हणजे फेरे कमी. ज्या फेऱ्यांवर वेगाचा काटा हलतो, त्याच फेऱ्यांवर आकडाही पुढे सरकतो. वेगासाठी त्यांनी मनात वाढवून धरले होते. अंतरासाठी तसे करावे हे त्यांच्या मनाला शिवलेही नव्हते. वर टायर तापवण्याच्या त्या प्रदक्षिणा. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच अंतर चुकीचे मोजले, ते आपल्याच बायकोच्या गाडीत बसून.

"कळलं ना?" बाईंनी हळूच विचारले.

भूमापकांनी ब्रेकवरचा पाय तसाच ठेवून मान डोलावली.

बाई उतरल्या. त्यांनी दोन दगड आणून मागच्या चाकांना लावले, खाली जाऊन भावासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, डिकीतला पेट्रोलचा डबा दे."

"चिमे, अगं पण पैज..."

"गाडी माझ्या नावावर आहे. पैज तुमची दोघांची. पुढच्या वेळी तुमच्यातलं काहीतरी लावा. तू तुझं दुकान लाव, हे त्यांचं भिंग लावतील." त्या थांबल्या. "डबा."

मेहुण्यांनी डबा दिला. बाईंनी पेट्रोल ओतले, झाकण घट्ट लावले आणि चालकाच्या दारापाशी आल्या.

"उतरा."

"मी? का?"

"चढावर वजन हाच खरा शत्रू," बाई म्हणाल्या.

डबी एका दमात सुरू झाली. वळणाचा उरलेला भाग तिने अशा सहजतेने पार केला की वर बागेत जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या खाली दोघांनाही ऐकू आल्या. डबी दिसेनाशी झाली. बाईंनी मागे वळून पाहिल्याचे कोणाच्या दृष्टीस पडले नाही.

चरातली मोटार आता ट्रॅक्टर येईपर्यंत हलणार नव्हती. वर चहा होता, आणि तिथवर पायी जाण्याखेरीज मार्ग नव्हता. चार पावलांवर मेहुण्यांचा बूट ओल्या रस्त्यावरून सटकला. ते मागे जाऊ लागले, तोच भूमापकांनी त्यांचा दंड पकडला. मग खाली वाकून, खिशातले भिंग काढून, त्यांनी त्या बुटाचा तळ पाहिला.

"कातडी तळ, दादा. एकही खाच नाही. आता बघा, बुटाच्या तळाचे मुख्यत्वे तीन प्रकार..."

मेहुण्यांनी त्यांचे बोलणे कधीच शेवटपर्यंत ऐकून घेतले नव्हते. त्या दिवशी टेकडीच्या माथ्यापर्यंत त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातले नाही. भूमापकांनी हात सोडला असता, तर ते बोटभर नव्हे, थेट चरापर्यंत मागे गेले असते.