एकशे एकोणसत्तर डॉलरचं पिस्तूल

वेंडेल स्टिडमला आयुष्यात कुणी फसवलेलं नव्हतं. हे तो स्वतःच सांगायचा, आणि दिवसातून निदान दोनदा सांगायचा! दुकानात अंड्यांचा खोका उघडून बाराही अंडी उलटीसुलटी करून बघणारा माणूस तो. वेधशाळेने पाऊस सांगितला तरी आधी हात बाहेर काढून खात्री करायचा. तीस वर्षं त्याने शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या होत्या. "कुठलंही यंत्र माझ्यापुढे ठेवा," तो म्हणायचा, "नुसत्या आवाजावरून त्याची नाडी सांगतो!"

केंटकीच्या डोंगरातल्या टिंबर फोर्क या एवढ्याशा गावात त्याचा मान होता तो मात्र वेगळ्याच कारणाने. रविवारी चर्चच्या दारावर जी मंडळी राखणीला उभी राहत, त्यांचा तो नऊ वर्षं म्होरक्या होता. कोटाखाली कमरेला आठशे डॉलरचं पिस्तूल. सगळं गाव त्याच्यासमोरून आत जायचं आणि तो प्रत्येकाकडे असा बघायचा, की सज्जन माणसालाही आपण काल काहीतरी चोरलंय असं वाटावं. त्या दारावर वेंडेलचा फार जीव होता. नोकरी संपल्यावर माणसाजवळ उरतं काय, असं एखादं दारच ना?

तर एप्रिलमध्ये त्याच्या बायकोने, ग्लेनाने, त्याला न विचारता पिस्तूल विकत घेतलं. ग्लेनाची हमरस्त्यावर छोटी बेकरी होती. पहाटे ती एकटीच दुकान उघडायची, तेव्हा जवळ काहीतरी असावं, असं तिला वाटलं. ओटिस क्रॅब्रीच्या बंदुकीच्या दुकानातून तिने ते आणलं आणि जेवणाच्या टेबलावर मक्याच्या पावाशेजारी ठेवलं. जाडजूड, बोजड, विटेला दांडा लावावा तसं!

"केवढ्याला?" वेंडेलने विचारलं.

"एकशे एकोणसत्तर."

वेंडेलने हातातला चमचा खाली ठेवला. "नवीन?"

"कोरं करकरीत. वर जन्मभराची हमी. काही बिघडलं तर कंपनी फुकट दुरुस्त करून देते."

"बघ! बघ! इथंच पाणी मुरतंय!" वेंडेल उठूनच उभा राहिला. "माल चांगला असेल तर हमी कशाला हवी? मी तीस वर्षं ब्रेक बसवले, कधी कुणाला हमी दिली?"

"नाही दिलीस," ग्लेना शांतपणे म्हणाली. "म्हणून तर ती सतरा नंबरची बस थेट मैदानात गेली."

"ती उतारामुळे गेली!"

ग्लेनाने "बरं" म्हटलं आणि ती चर्चच्या गाण्याच्या तालमीला निघून गेली. गुरुवार होता.

वेंडेलच्या डोक्यात मात्र किडा शिरला. शनिवारी त्याने ते पिस्तूल परसात नेलं, टेकडीच्या पायथ्याशी जुनं कपडे धुण्याचं यंत्र ठेवलं आणि पंधरा पावलांवरून दहा गोळ्या झाडल्या. यंत्राला ओरखडाही नाही! सातवी गोळी त्याच्याच पावसाच्या पाण्याच्या पिंपात घुसली. कुंपणावर त्याचा मेव्हणा, ग्लेनाचा धाकटा भाऊ लॉनी, डोनट खात बसला होता.

"दाजी, यंत्र घाबरलं बरं का," लॉनी म्हणाला. "पिंप मात्र जागच्या जागी ठार!"

"नळी वाकडी आहे!" वेंडेल गरजला. "मला आधीच वास आला होता!"

तो तडक ओटिसच्या दुकानात गेला. ओटिसने नळी उजेडात धरली, आतून बघितली, वेंडेललाही दाखवली. नळी सुतासारखी सरळ.

"वेंडेल," ओटिसने दाढी खाजवत विचारलं, "झाडताना तू डोळे उघडे ठेवतोस ना?"

हा प्रश्न वेंडेलला फारच संशयास्पद वाटला. जो दुकानदार मालाऐवजी गिऱ्हाइकाचे डोळे तपासतो, त्याच्या मनात काळंबेरं असणारच! मे महिन्यात पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायचा खण, खरोखरच अडकायला लागलं, तेव्हा त्याला कोण आनंद झाला! पण कंपनीने आठ दिवसांत नवं पाठवलं, तेही एक छदाम न घेता. वेंडेलने ते पाकीट कानाला लावून हलवून बघितलं. फुकट कोण काय देतं? आतमध्ये काहीतरी असणार!

उन्हाळाभर त्याने गावात हेच पुराण लावलं. न्हाव्याकडे, पेट्रोल पंपावर, एका मयतीलासुद्धा. आणि सप्टेंबरमध्ये पाद्री टॉलिव्हर यांनी जाहीर केलं की चर्चच्या विमावाल्यांनी राखणदारांना नेम धरता येतो असा कागद मागितलाय. दारावर उभं राहणाऱ्या प्रत्येकाला नेमबाजीची परीक्षा द्यावी लागेल, ज्याला नवीन यायचं असेल त्यानेही द्यावी. नापास होणाऱ्याने प्रार्थनेची पत्रकं वाटावीत!

सगळे वेंडेलकडे बघून हसले. वेंडेलही हसला. पण मनात म्हणाला, नऊ वर्षं कुणी कागद मागितला नाही, आत्ताच का? हा पाद्री नवा आहे. दूरच्या शहरातून आलाय. कॉफीत साखर घालत नाही!

परीक्षा घेणार होत्या बर्निस हॉस्किन्स. चणीने चिमणीएवढ्या, वय चौऱ्याहत्तर, तोंडात कायम पेपरमिंटची गोळी. शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, हाताखाली अठ्ठावीस वर्षं काढलेल्या. त्यांचा एकच नियम होता: मॅगझिन त्या स्वतः भरणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

वेंडेलने बेत आखला. एका दगडात दोन पक्षी! आधी सगळ्या गावादेखत ग्लेनाच्या पिस्तुलाचं पितळ उघडं पाडायचं, मग आपलं आठशे डॉलरचं काढून परीक्षेत बाजी मारायची.

"काकू," परीक्षेच्या दिवशी मैदानावर तो मोठ्याने म्हणाला, "सुरुवातीला हे खेळणं झाडून दाखवतो. लोकांना कळू दे, स्वस्त म्हणजे काय ते!"

"तुझी मर्जी, बाळा," बर्निसकाकू म्हणाल्या आणि पाठ फिरवून मॅगझिन भरायला लागल्या. ग्लेना बाकावर बसून होती.

वेंडेलने नेम धरला. धाड! धाड! खट्ट!

नुसतं खट्ट! गोळी उडालीच नाही!

"ऐकलंत?" वेंडेलच्या आवाजात सुख मावेना. "ऐकलंत सगळ्यांनी? चोर दारात उभा, आणि हे म्हणतंय खट्ट! ग्लेना, मासे धरायला वजन म्हणून बांध याला!"

"पुढे झाड," काकू म्हणाल्या. धाड! खट्ट! लॉनी फोनवर चित्रण करत होता. ओटिस टोपी काढून डोकं पुसत होता. वेंडेलने दहा मिनिटं भाषण ठोकलं. तीस वर्षांचा अनुभव, यंत्राची नाडी, स्वस्ताई आणि देशाचा ऱ्हास, सगळं आलं त्यात.

"झालं?" काकूंनी पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. "आता तुझं काढ."

वेंडेलने आठशे डॉलरचं पिस्तूल काकूंकडे दिलं. त्यांनी भरून परत दिलं. वेंडेलने छाती भरून श्वास घेतला.

धाड! खट्ट!

वेंडेलने काडतूस बाहेर टाकून पुन्हा चाप ओढला. धाड! धाड! खट्ट!

"घातपात!" वेंडेल ओरडला. "माझ्या पिस्तुलाला कुणीतरी हात लावलाय! लॉनी, काल तू घरी आला होतास! खिसे उलटे कर!"

लॉनीने खिसे उलटे केले. अर्धा डोनट निघाला.

"ओटिस! गोळ्या तुझ्याच दुकानातल्या ना? ग्लेना, कपाटाची किल्ली तुझ्याकडे असते! आणि पाद्रीबुवा, तुम्हाला मी दारावर नकोच होतो! पहिल्या दिवसापासून मला संशय होता!"

पाद्री टॉलिव्हर बिचारे लिंबाचं सरबत पीत होते. त्यांना जोराचा ठसका लागला.

"वेंडेल, पिस्तूल खाली ठेव आणि इकडे ये," काकू म्हणाल्या. गवतात पडलेली चार काडतुसं त्यांनी उचलली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "ही न उडणारी आहेत. आत दारू नाही. मीच घातली होती, दोन्ही पिस्तुलांत. सगळ्यांच्याच घालते मी. कितवी ते सांगत नाही."

"का पण?"

"गोळी उडाली की धक्क्यात माणसाचं दचकणं लपून जातं. नाही उडाली की माणूस दिसतो. मी पिस्तुलाकडे बघतच नव्हते, बाळा. तुझ्याकडे बघत होते. लॉनी, दाखव रे त्याला."

लॉनीने फोन पुढे केला. वेंडेलने बघितलं. खट्ट होण्याच्या आधीच पिस्तुलाचं तोंड खाली जात होतं, कोंबडीने दाणा टिपावा तसं. आणि त्याच्या मागे टिंबर फोर्कच्या दारावरचा म्होरक्या दोन्ही डोळे गच्च मिटून उभा होता!

परीक्षा पुरी झाली, तेव्हा त्याच्या पंचवीसपैकी नऊ गोळ्या लागल्या होत्या. मग बाकावरून ग्लेना उठली. "मी देऊ का, काकू?" तिने आपलं ते विटेसारखं पिस्तूल उचललं. धाड, धाड, खट्ट! खट्ट झालं तेव्हा तिचा हात तसूभर हलला नाही. तिने शांतपणे काडतूस बाहेर टाकलं आणि पुढची झाडली. पंचवीसपैकी तेवीस! पाद्रीबुवांनी सरबत ठेवून टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना गाडीत वेंडेल बोटांवर वार मोजत होता.

"गुरुवारी," शेवटी वेंडेल म्हणाला, "गाण्याची तालीम असते ना?"

"पहिला अर्धा तास. मग ओटिसच्या मागच्या मैदानावर."

"एप्रिलपासून?"

"एप्रिलपासून. तुझ्यासारखं आठशेचं घेतलं असतं तर कपाटात ठेवून पुसत बसले असते. स्वस्तातलं घेतलं आणि उरलेल्या पैशांच्या गोळ्या घेतल्या. सगळ्या झाडल्या."

"किती वेळा अडकलं?" वेंडेलच्या आवाजात अजून थोडी आशा होती.

"दोनदा. एकदा ते मॅगझिन, ते त्यांनी बदलून दिलं. एकदा मीच पाकाच्या चिकट हातांनी गोळ्या भरल्या होत्या."

"मला का नाही सांगितलंस, ग्लेना?"

ग्लेनाने त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, हेच जास्त लागलं. "सांगितलं असतं, तर तू शिकवायला आला असतास."

अख्ख्या जगावर संशय घेतला होता त्याने. एका वेंडेल स्टिडमवर घ्यायचा तेवढा राहून गेला.

रविवारी चर्चच्या दारावर ग्लेना उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाशी ती हसून बोलत होती, आणि लोक कधी नव्हे ते दाराशी घोळका करून थांबत होते. आत वेंडेल पत्रकं वाटत होता. प्रत्येक पत्रक देण्याआधी उलटून बघत होता, मागची बाजू कोरी आहे ना म्हणून.

पण वेंडेल हार मानणारा गडी नव्हे! पुढच्या परीक्षेसाठी बर्निसकाकूंनी त्याला घरचा अभ्यास दिला. पिस्तूल रिकामं करायचं, दोनदा तपासायचं (वेंडेलने सहादा तपासलं), नळीच्या टोकावर एक नाणं ठेवायचं आणि हळूच चाप ओढायचा. नाणं पडता कामा नये.

सोमवारी सकाळी ग्लेनाच्या गल्ल्यातलं नाणं घेऊन तो बेकरीच्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला. चाप ओढला. नाणं पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. ग्लेना पावाचं पीठ मळत होती. एकविसाव्यांदा नाणं गडगडत तिच्या पायाशी गेलं, तेव्हा वेंडेल उठला. त्याने ते उचललं, खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं आणि हळूच दाताखाली चावून बघितलं.

"ग्लेना," तो म्हणाला, "हे नाणं तुला कुणी दिलं?"