ओटीची झडती

पाहुण्यांनी भरीत दुसऱ्यांदा मागून घेतलं, तेव्हा मंजुळाबाईंच्या जिवात अर्धा जीव आला. उरलेला अर्धा मागच्या न्हाणीघरात कडी लावून कोंडलेला होता. त्याचं नाव जमादार.

जमादार हा कुत्रा होता, पण हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. मंजुळाबाईंचे यजमान लोटननाना वरणगावच्या फॅक्टरीत दरबान होते. सुटणाऱ्या माणसाचा डबा, पिशवी, खिसा चाचपायचा आणि "जाऊ द्या" म्हणायचं, ही त्यांची नोकरी. जमादार त्यांच्या स्टुलाखाली वाढला आणि नाना रिटायर झाले त्या दिवशी सायकलमागे धावत घरी आला. नानांनी नोकरी गेटवर ठेवली. जमादार ती तोंडात धरून घेऊन आला.

त्याचा कायदा सोपा होता. आत येणाऱ्याकडे तो मान वर करूनही पाहत नसे. चोर आला असता तरी पाहिलं नसतं. रिकाम्या हाताने बाहेर जाणाऱ्यालाही तो अडवत नसे. पण बाहेर जाणाऱ्याकडे काही असलं, की फाटकात आडवा पडे. मग नानांनी त्या वस्तूवर किंवा माणसाच्या अंगावर दोनदा तळहात मारायचा, "जाऊ द्या" म्हणायचं, आणि जमादारने उठायचं. चावणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मात्र त्याला कोणी ओढलं किंवा ओलांडलं, तर तो तोंड आभाळाकडे करून फॅक्टरीच्या भोंग्याच्या सुरात रडे. गल्लीत सगळे फॅक्टरीतून रिटायर झालेले. भोंगा ऐकला की हातातलं काम टाकून 'कोण सापडलं' ते बघायला बाहेर येत.

ललितचं मागचं स्थळ असंच गेलं होतं. पाहुणे यावलचे. निघताना नानांनी त्यांना केळीचा घड दिला. यावलच्या माणसाला केळी देणं म्हणजे विहिरीला तांब्याभर पाणी देणं, पण नानांना द्यायची हौस. मुलीच्या काकांनी घड खांद्यावर घेतला, जमादारला ओलांडलं, आणि भोंगा झाला. अर्धी गल्ली गोळा झाली. घडासकट उभे असलेले काका आयते मुद्देमालासह पकडल्यासारखे दिसत होते. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "पत्रिका जुळत नाही." पत्रिका कोणी पाहिलीच नव्हती.

म्हणून आज ही कडी. ललितने एकतिशी ओलांडली होती. जळगावला नोकरी होती, पण नोकरीला बायको म्हणता येत नाही. आजचं स्थळ साक्रीचं होतं. मुलगी चारुलता घरी होती. घर पाहायला तिचे वडील जीवराम आणि आजी झुंबरबाई आल्या होत्या. होकार-नकार आजीच्या हातात होता. आणि ललितने जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या मनाने शर्ट विकत आणला होता, याचा अर्थ आईला न सांगता समजला होता.

जेवणं झाली. जीवराम हात धुवायला मागे गेले आणि प्रसन्न चेहऱ्याने परत आले.

"नाना, तुमचं कुत्रं बिचारं न्हाणीमा कोंडायी गयथं. मी कडी काढी दिनी."

मंजुळाबाईंच्या हातातल्या ताटात वाट्या वाजल्या. तेवढ्यात जमादार सगळ्यांच्या मधून, उशीर झालेल्या कर्मचाऱ्यासारखा कोणाकडेही न बघता गेला आणि फाटकात आडवा झाला.

"बसा ना, चहा ठेवते!" मंजुळाबाई म्हणाल्या.

"आत्ताच तं घिदा," झुंबरबाई म्हणाल्या.

"दुसरा घ्या."

दुसरा झाला. तिसराही झाला. फॅक्टरीचा भोंगा पाचला होई, तेव्हा जमादारची ड्युटी संपे. आत्ता सव्वाचार वाजले होते. पाच वाजेपर्यंत चहा पाजायचा म्हणजे निम्म्या गल्लीचं दूध लागलं असतं.

"बाई, चहानं पोट फुटी जाई मन्हं," झुंबरबाई उठल्या. "निघतस आम्ही. धुळाले जाताजाताच अंधार पडी."

आता खरी पंचाईत सुरू झाली. पाहुण्याला रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही, ही खानदेशची रीत. भरल्या हाताने जाऊ द्यायचं नाही, ही जमादारची. झुंबरबाईंचे यजमान साक्रीला दम्याने घर धरून का होईना, पण होते; म्हणजे त्या सवाष्ण. तेव्हा ओटी भरल्याशिवाय बाईला उंबरा ओलांडू देणार कसं? मंजुळाबाईंनी ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण, हळकुंड. झुंबरबाईंनी पदर कमरेला घट्ट खोचला. लाडवांचा डबा जीवरामांच्या हातात दिला गेला.

फाटकाशी जीवराम पुढे होते. जमादारने डबा पाहिला आणि पाय ताणले. नाना झपकन पुढे झाले, जीवरामांना कवेत घेतलं, पाठीवरून हात फिरवत डब्यावर दोन थापा मारल्या आणि त्यांच्या कानाशी पुटपुटले, "जाऊ द्या."

जमादार उठला. जीवराम गहिवरले. होकार अजून दिलेला नव्हता आणि व्याहीभेट आधीच झाली होती. डोळे पुसत ते गाडीत जाऊन बसले.

मागून झुंबरबाई आल्या. जमादारने पदराचा फुगवटा पाहिला आणि पुन्हा आडवा झाला.

"आता काय पाहून ऱ्हायले?" मंजुळाबाईंनी नवऱ्याला कोपऱ्यात ओढलं. "मारा ना थाप!"

"कुठे मारू? ओटीवर? बाईच्या पदराला हात लावू?"

"मग डोक्यावर ठेवा!"

"अगं, मोठी आहे ती माझ्याहून. तिला मी आशीर्वाद देऊ? फॅक्टरीत बायकांची झडती बाईच घ्यायची. नियम आहे."

"मग मी घेते!"

पदर नीट करायचं निमित्त करून मंजुळाबाईंनी ओटीवर दोनदा हात मारला आणि नानांसारखा जाड आवाज काढून म्हणाल्या, "जाऊ द्या."

जमादारने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ज्या हाताने रोज झाडू फेकून मारला, त्या हाताची सही त्याच्याकडे चालत नव्हती.

ललित पेढा घेऊन आला. जमादारने पेढा खाल्ला आणि तिथेच पडून राहिला. घेऊन काम न करणारे लोक नानांनी आयुष्यभर पाहिले होते. पण घेऊनही इमानदार राहिलेला हा एकटाच.

"हाऊ कुत्रा हटस का नही?" झुंबरबाईंनी विचारलं.

"माय, चाल नं!" जीवराम गाडीतून उतरून परत आले. "काय व्हयनं?"

ललितने आईकडे पाहिलं, आईने देवघराकडे. नानांनी कपाळावरचा घाम पुसला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. असती तर संसार बराच स्वस्तात झाला असता, असं मंजुळाबाईंचं मत होतं.

"अक्का, खरं सांगतो," नाना म्हणाले. "बाहेर जाणाऱ्याची झडती झाल्याशिवाय तो सोडत नाही. त्याला वाटतं, तो अजून गेटवर आहे."

जीवरामांचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हंजे मघाशी तुम्ही माले गळे लावं, ते..."

"झडतीच होती."

"आनि मी रडनू!" जीवराम ओरडले. "आम्ही काय चोर शेतस? चाल माय, आपलाले नही देनी पोर आठे!"

त्यांनी आईचा हात धरून ओढला. झुंबरबाईंचा एक पाय जमादारच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि भोंगा झाला.

एवढा सणसणीत भोंगा त्याने यावलच्या पाहुण्यांनाही दिला नव्हता. दारं उघडली. शेजारचे सुकदेवभाऊ बनियनवर, तोंडाला दाढीचा साबण, तसेच धावत आले.

"लोटननाना, कोण सापडलं? माल किती आहे?"

समोरच्या गच्चीवरून कोणीतरी ओरडलं, "बाई आहे! पदरात आहे, पदरात!"

मंजुळाबाई ओट्यावर मटकन बसल्या. त्यांना ललितचा नवा शर्ट दिसत होता, आणि त्याच्या वरचा तो चेहरा दिसू नये म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. ललित हळूच म्हणाला, "आई, मी तिला आता काय सांगू?" महिनाभर तो फोन घेऊन गच्चीवर कोणाशी बोलायला जात होता, तेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

"चूप बठ्ठा!" झुंबरबाईंनी सगळ्यांकडे बघत हात वर केला. जमादारसुद्धा थांबला. तसेच दोन्हीकडे पाय टाकून त्यांनी खाली वाकून त्याला न्याहाळलं. बैल घेताना बघतात तसं.

"हाऊ चावस का?"

"नाही, अक्का."

"कोनी खायाले दिनं तं?"

"खातो. पण हटत नाही."

"ते दखं मी. आनि गर्दीमा? लगीनना गर्दीमा चाली का?"

"शिफ्ट सुटायची गर्दी पाहिलीय त्याने," नाना म्हणाले, आणि अशा वेळीही त्यांचा आवाज जरा ताठ झाला. "एक पान्हा बाहेर गेला नाही."

झुंबरबाईंनी पाय परत आत घेतला, ओटी सांभाळत ओट्यावर येऊन मंजुळाबाईंशेजारी बसल्या आणि मोठा श्वास सोडला.

"मागला साले मोठी नातनं लगीन झायं आमनाकडे. ताटं ग्यात, वाट्या ग्यात, सतरंज्या ग्यात. दहीनं पातेलं तं दहीसंगे ग्यं! आनि उचली लई जानारा कोन? बठ्ठा आपलाच सोयरा. कोनले इचारशी? तवधरनं माले झोप नही." त्या मुलाकडे वळल्या. "जीवराम, सुपारी काढ."

"माय! इतला अपमान व्हयना, नि..."

"अपमान पुढला लगीनमा परत भेटी जाई. पातेलं भेटस का?"

जीवरामांनी सुपारी काढली. मंजुळाबाईंना हसावं की रडावं कळेना, तेवढ्यात झुंबरबाईंनी अट सांगितली.

"लगीनना आठ दिन पयले हाऊ कुत्रा साक्रीले धाडी द्या."

"तो माझ्याशिवाय काम करत नाही, अक्का."

"मंग तुम्ही बी या."

नवऱ्या मुलाच्या बापाने मुलीच्या दारात दरबान म्हणून उभं राहायचं, हे मंजुळाबाईंच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलं नव्हतं. त्या काही बोलणार, तोच दूर फॅक्टरीचा पाचचा भोंगा झाला. जमादार उठला, आळस दिला आणि आपणहून न्हाणीघरात जाऊन झोपला. पाहुणे गेले. नानांनी माळ्यावरून आपला दरबानीचा जुना पट्टा काढला आणि त्याचं बक्कल राखेने घासायला बसले.

लग्न वैशाखात झालं. वरबाप डोक्याला फेटा, कमरेला पट्टा, अशा थाटात मांडवाच्या दाराशी स्टुलावर बसले होते आणि स्टुलाखाली जमादार. साक्रीत भोंगा नसल्यामुळे त्याची ड्युटीच संपेना. मंजुळाबाई पाहुण्यांची नजर चुकवत फिरल्या. पण झुंबरबाईंचं एक ताट कमी भरलं नाही. उलट लग्नाच्या सकाळी मांडवामागे मागच्या सालचं दह्याचं पातेलं सापडलं, घासूनपुसून लख्ख. जमादारची कीर्ती आधीच गावभर झाली होती. त्यात आत येणाऱ्याकडे तो पाहत नाही, हेही कोणाच्या तरी कानावर गेलं असावं. कोणी आणून ठेवलं, ते झुंबरबाईंनी विचारलं नाही. पातेलं ओळखीचं होतं, म्हणजे माणूसही असणार.

मग पाठवणीची वेळ झाली. चारुलताची ओटी भरली. आई रडली, बहिणी रडल्या, गळ्यात गळे पडले, आणि सगळी रडारड मांडवाच्या दाराशी आली. जमादारने डोळे उघडले. नवरीचा भरलेला पदर पाहिला. आठ दिवस या घराची एक वाटी त्याने बाहेर जाऊ दिली नव्हती. आणि आता तर पदरात नारळ, गळ्यात सोनं, असं सगळंच निघालं होतं. तो दारात आडवा झाला.

रडणं थांबलं. मंजुळाबाई गर्दीतून वाट काढत स्टुलाशी आल्या. भर मांडवात भोंगा झाला, तर सून आयुष्यभर 'सापडलेली' म्हणून ओळखली जाईल.

"अहो!" त्या कुजबुजल्या. "काहीतरी करा!"

नाना स्टुलावरून उठले. ओटीकडे पाहिलं आणि सवयीने हात मागे घेतला. सुनेच्या पदराला तरी सासऱ्याने हात कसा लावायचा? मग त्यांच्या ध्यानात आलं, की ही आपल्याहून लहान आहे.

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला.

"जाऊ द्या," नाना म्हणाले.

जमादार उठून बाजूला झाला. झुंबरबाईंनी तोंडात पदर कोंबला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते कोणाला सांगता आलं नाही. चारुलता बाहेर पडली. मागून ललित आला. जमादारने त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. त्याच्याकडे काहीच नव्हतं. त्याने पायांवर मान टाकली आणि डोळे मिटून घेतले.