दादाचं मनापासूनचं फ्रेंच

इतकी वर्षं दूर शिकून घरी परत येताना चिमीने विमानात एक भाषण तयार केलं होतं. दारात सगळे जमतील, आई डोळे पुसेल, बाबा उगाचच घसा खाकरतील, दादा बॅग उचलेल आणि उंबऱ्यात उभी राहून ती म्हणेल, "मी आले आहे ती इथेच राहण्यासाठी. शिकलेली, हातात कसब असलेली माणसं निघून जातात म्हणून घरं ओस पडतात. मी जाणार नाही आणि कुणाला जाऊ देणार नाही." (इथे जरा थांबायचं, हेही ठरलं होतं.)

प्रत्यक्षात दार वहिनीने उघडलं. तिच्या खांद्यावर दोन जाडजूड स्वेटर होते, आणि बाहेर तर अंगाची लाही होत होती.

"वन्सं, आलात? देवासारख्या आलात. तुम्हाला फ्रेंच येतं ना? तुमच्या दादाला शिकवा. आम्ही परदेशी जातोय, कायमचे."

थांबायची जागा आली होती खरी, पण जिचा श्वास थांबला ती चिमी होती.

चिमी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती चिमणीएवढी होती. आता दारातून वाकून यावं लागतं, तरी नाव तेच. तिची खोली मात्र तीच राहिली नव्हती. दादा फ्रीज दुरुस्त करतो, आणि ज्यांच्यात आता जीव राहिलेला नाही असे चार फ्रीज तिच्या खाटेभोवती पहारेकऱ्यांसारखे उभे होते. पुस्तकं कुठे गेली म्हणून विचारलं, तर दादाने मोठ्या अभिमानाने पांढरा फ्रीज उघडून दाखवला. कादंबऱ्या बर्फाच्या कप्प्यात होत्या, कवितासंग्रह दारात बाटल्यांच्या जागी, आणि जाडा फ्रेंच शब्दकोश भाजीच्या ट्रेमध्ये.

"धूळ लागत नाही, झुरळ जात नाही," दादा म्हणाला. "तुझी आठवण आली की दार उघडून बघायचो."

यावर कुणाला रागावणार?

जेवताना सगळा उलगडा झाला. त्या देशाला दादासारखे कुशल कारागीर हवे होते. अर्जाला गुण मिळतात: कामाच्या अनुभवाला इतके, वयाला इतके, भाषेला इतके. दादाचा अनुभव भरपूर होता, पण वयही भरपूर होतं, आणि येत्या वाढदिवसानंतर वयाचे गुण असे घटणार होते की अर्ज करण्यात अर्थच उरला नसता. तूट भरून निघायची ती फ्रेंचनेच. त्यासाठी परीक्षा द्यायची, तीही तोंडी, समोर बसलेल्या माणसाशी बोलून.

"मला एक कळत नाही," दादा म्हणाला. "फ्रीज कुठल्या भाषेत बिघडतो?"

"तुम्ही जेवा," वहिनी म्हणाली.

रात्री भांडी घासताना वहिनीने चिमीला बाजूला घेतलं. एरवी ती टोमण्याशिवाय बोलत नाही, पण आज हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, चार-चार जिने चढून फ्रीज नेतात ते. पाठ गेलीय त्यांची. सकाळी उठताना भिंतीला धरून उठतात आणि मला म्हणतात, भिंतीचा रंग बघतोय. तिथे कारखान्यात टेबलापाशी बसून काम आहे. एवढं करा."

चिमीने वचन दिलं. मनातून तिला दादा जायला नको होता, पण भिंतीचा रंग बघणारा दादाही बघवत नव्हता. मी प्रामाणिकपणे शिकवेन, ती म्हणाली, आणि तिथेच घात झाला. नुसतं शिकवेन म्हणाली असती तर पुढचं काही घडलं नसतं.

वहिनीने कुठल्याशा क्लासमधून छापील प्रश्नोत्तरं आणली होती. पाठ करायची आणि परीक्षेत ओकायची. चिमीने ती केराच्या टोपलीत टाकली.

"भाषा म्हणजे आत्मा असतो, वहिनी. दादाचा पोपट करायचाय का?"

"पोपट निदान पिंजऱ्यातून सुटतो तरी," वहिनी म्हणाली आणि कागद टोपलीतून काढून डब्यांखाली अंथरले.

शिकवणी सुरू झाली. दादा रोज संध्याकाळी हात धुऊन, केस विंचरून, फ्रीजला टेकून बसायचा. चिमी म्हणायची, मनात येईल ते बोल. दादा बराच वेळ मनात डोकावायचा आणि फ्रेंचमध्ये सांगायचा, "गॅस संपला आहे." मग पुन्हा डोकावून म्हणायचा, "मोटर चांगली आहे."

"उच्चार ठीक आहे," चिमी म्हणायची, "पण मनापासून वाटत नाही."

"चिमे, मोटरबद्दल मनापासून काय वाटणार? चालली तर चालली."

मग तिने घरात फतवा काढला. दिवेलागणीपर्यंत घरात फक्त फ्रेंच बोलायचं. सगळ्यांनी. माणूस भाषेत बुडाला की आपोआप पोहतो, असं ती ज्या विद्यापीठात शिकली तिथे म्हणायचे. (तिथे कुणी बुडाल्याची नोंद ठेवत असतील असं वाटत नाही.)

घर स्मशानासारखं शांत झालं. शेजारीण दोनदा येऊन आईचे हात हातात घेऊन गेली. तिला वाटलं, वाटण्या होतायत. बाबा पोस्टातून निवृत्त झाल्यापासून शांततेच्या शोधात होते. त्यांनी चिठ्ठी लिहून विचारलं, परीक्षा झाल्यावरही हे चालू ठेवता येईल का. आईला तीनच शब्द येत होते: बोंजूर म्हणजे नमस्कार, मेर्सी म्हणजे आभार आणि नों म्हणजे नाही. तेवढ्यावर तिने घर चालवलं, आणि खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा वाईट चालवलं असं कुणी म्हणणार नाही. अडचण एकाचीच होती. सगळेच गप्प, तर दादाने ऐकायचं कुणाचं?

शेवटी चिमीने स्वतःच नमुना करून दाखवायचं ठरवलं. परीक्षेत शेवटी एका विषयावर आपलं मत ठासून मांडावं लागतं. ती खाटेवर उभी राहिली, चारही फ्रीजांकडे एकवार पाहिलं, आणि विमानात तयार केलेलं, दारात गिळलेलं ते भाषण तिने अस्खलित फ्रेंचमध्ये केलं. माणसाने आपलं घर का सोडू नये. म्हातारी होत चाललेली आई. रिकाम्या खुर्च्या. परक्या खिडकीतून दिसणारं परकं आभाळ. बोलता बोलता तिचा आवाज भरून आला. स्वयंपाकघरातून आई काही न समजता "मेर्सी" म्हणाली.

दादाने खिशातून फोन काढला. मग म्हणाला, "हे पुन्हा एकदा बोल. फोनवर घेतो."

दुसऱ्या दिवसापासून दादा कानात इयरफोनची बोंडं घालून तेच ऐकत फ्रीज दुरुस्त करू लागला. जिना चढताना तेच, उतरताना तेच. हळूहळू तो ओठ हलवू लागला. मग एके संध्याकाळी त्याने सगळं भाषण घडाघडा म्हणून दाखवलं.

चिमीचा ऊर भरून आला. तरी शिक्षिका ती शिक्षिका. "उच्चार उत्तम," ती म्हणाली, "पण अजून मनापासून वाटत नाही."

पाठांतराला विरोध करणाऱ्या आपणच भावाकडून आपलं भाषण पाठ करून घेतलंय, ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. वहिनीच्या आली होती. पण दिवेलागण झाली नव्हती आणि ते फ्रेंचमध्ये सांगणं तिच्या आवाक्याबाहेर होतं.

परीक्षेच्या सकाळी वहिनी दादाच्या एकुलत्या एक चांगल्या शर्टाला इस्त्री करत होती. दारावर टकटक झाली म्हणून इस्त्री तशीच ठेवून ती गेली. आई तिथून चालली होती. तिला शर्टातून धूर निघताना दिसला. ती थबकली. काहीतरी ओरडायला हवं होतं, पण फतवा होता, आणि मुलाच्या परीक्षेच्या दिवशी तो मोडायला तिचं मन होईना. तिने जवळचे तीन शब्द मनात चाचपले. मेर्सी बरोबर वाटेना. नों कुणाला उद्देशून म्हणायचं?

"बोंजूर," आई जोरात म्हणाली.

"बोंजूर," न्हाणीघरातून दादा.

"बोंजूर, बोंजूर," आई आणखी जोरात.

"बोंजूर," बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले. आज बायको इतकी प्रेमात का, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. चिमीने आतून तिघांचेही उच्चार सुधारले. धूर छताला लागला तेव्हा वहिनी परतली आणि तिने जे काही म्हटलं ते कुठल्याही परीक्षेत चालणारं नव्हतं.

शर्टाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं. दुसरा शर्ट नव्हता असं नाही, पण प्रत्येकावर ग्रीसचे डाग होते. शेवटी जळक्या शर्टावरच बाबांचा लग्नातला लोकरी कोट चढवून दादा निघाला. ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं.

दुपारी तो परतला. घामाने चिंब. आईने पाणी दिलं. वहिनी दाराला टेकून उभी राहिली. आज फतवा आपोआपच सुटला होता.

"काय विचारलं?" वहिनी.

"एक बाई होती समोर. चष्म्यातली. आधी काम विचारलं. मी म्हटलं, मोटर, गॅस. मग म्हणाली, तुमच्या मित्राला नोकरीसाठी परदेशी जायचंय, जावं की नाही ते त्याला पटवून द्या."

चिमीच्या हातातला पेला खाली आला.

"दादा, तू काय पटवून दिलंस?"

"मला काय दोन भाषणं येतात? जे येत होतं ते बोललो."

"जाऊ नको म्हणून?"

"जाऊ नको म्हणून. म्हातारी आई, रिकाम्या खुर्च्या, परकं आभाळ, सगळं. कोटात इतकं उकडत होतं की घाम डोळ्यांत जायचा. मी सारखा रुमालाने पुसायचो. ती बाई टक लावून बघत होती. मग तिनेच चष्मा काढला आणि डोळे टिपले. म्हणाली, मीही फार वर्षांत घरी गेले नाही."

निकाल आला तेव्हा वाढदिवसाला अजून आठवडा होता. तोंडी परीक्षेत दादाला वरचा दर्जा मिळाला होता, इतका की लागत होते त्याहून जास्त गुण होत होते. बाबांनी निकाल दोनदा वाचला, पोस्टातल्या सवयीने उलटून मागेही पाहिलं. वहिनी आत जाऊन स्वेटर घेऊन आली. अर्ज तयारच होता, फक्त सही हवी होती.

दादाने पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"मी जात नाही," तो म्हणाला.

बाबांनी निकाल पुन्हा एकदा उलटून पाहिला.

"इतके दिवस ऐकतोय ते. कानातच बसलंय. त्या दिवशी ती बाई रडली तेव्हा वाटलं, खरंच की. मी आईला सोडून कुठे चाललोय? चिमी बोलते ते खरंच आहे. चिमी नेहमी खरंच बोलते."

चिमीला आयुष्यात एवढा मोठा विजय कधी मिळाला नव्हता. एक माणूस, सख्खा भाऊ, तिच्या शब्दांनी घरी राहिला होता. तिने आनंद व्हायची वाट पाहिली. तेवढ्यात शब्दकोशाचा फ्रीज भंगारात घ्यायला गिऱ्हाईक आलं म्हणून दादा उठला, भिंतीला धरून. उठताना क्षणभर भिंतीचा रंग बघत राहिला.

आनंद काही आला नाही.

रात्री वहिनी जेवायला बसली ती स्वेटर घालून. तिच्या कपाळावरून घाम ताटात टपकत होता. बाबांनी फक्त खिडकी उघडली.

"वहिनी, मी उद्या समजावते त्याला," चिमी म्हणाली.

"समजावा. पण फ्रेंचमध्ये समजावा. आपल्या भाषेत मी लग्नापासून समजावतेय, त्यांच्या कानात शिरत नाही."

त्या रात्री चिमी फ्रीजांच्या मध्ये टक्क जागी राहिली. जगात दोनच गोष्टींवर तिचा विश्वास होता: कुणी घर सोडून जाऊ नये, आणि आपल्याला न पटलेलं कधी बोलू नये. पहिली खरी ठरल्यामुळे दादाची पाठ चालली होती. आता दुसरीही गेली तर आपल्याकडे उरणार काय? तीन फ्रीज, आणि तेही बंद.

सकाळी तिचा निर्णय झाला होता. फ्रीज विकताना जमिनीवर ओतलेल्या पुस्तकांच्या ढिगातून तिने शब्दकोश काढला, दादाच्या हातातला चहा काढून घेतला, त्याला खाटेवर बसवलं आणि स्वतः समोर उभी राहिली. माणसाने घर सोडून का जावं, हे ती फ्रेंचमध्ये सांगू लागली. नवी क्षितिजं. कसबाला मान. टेबल आणि खुर्ची. पाठीला आराम. आई दारात येऊन उभी राहिली, वहिनी तिच्या मागे. चिमी थांबली नाही. व्याकरणात एक चूक केली नाही. शेवटी तर तिचा आवाजही भरून आला, पण तो निराळ्या कारणाने.

दादाने सगळं डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडले, चहाचा कप परत घेतला आणि थोडा विचार करून मान हलवली.

"उच्चार उत्तम आहे, चिमे," तो म्हणाला. "पण मनापासून वाटत नाही."