चार पायांचा बंब

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये आगीचा बंब पहिल्यांदा आला तेव्हा त्याला चाकं नव्हती, पाय होते. चार. पुढचे दोन निवृत्तीअण्णांचे आणि मागचे दोन, सांगायला लाज वाटते, माझे.

बंब म्हणजे मांडवाच्या बांबूंची एक अजस्र चौकट. गणपतीत बंदोबस्ताला उभा असलेला खरा बंब अण्णांनी सुतळीने मापला होता. ड्रायव्हर 'अहो, अहो' करत खाली उतरेपर्यंत त्याचे आरसेसुद्धा मापून झाले होते. घरी येऊन त्याच मापाने त्यांनी बांबू बांधले. चौकटीत पुढे ते, मागे मी. ही चौकट जिथे अडेल तिथे खरा बंब अडणार, एवढं साधं शास्त्र. पण अण्णांना नुसतं चालून भागत नसे. ते तोंडाने घंटाही वाजवत. ठण ठण ठण ठण! आवाज असा की खडकवासल्याच्या धरणात लाटा उठाव्यात. वर खिडकीत माझ्या क्लासच्या मुली ओळीने उभ्या. ज्या मुली मला 'सर' म्हणायच्या, त्या मुली.

माझी ओळख फार नाही. संगणक आले आणि माझे टंकलेखनाचे वर्ग मेले. मी जुन्या यंत्रांवर फडकं टाकलं, धायरीतल्या ह्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर गाळा घेतला आणि 'कॉम्प्युटर क्लास' अशी पाटी लावली. कॉम्प्लेक्सच्या सभेत सेक्रेटरी निवडत होते तेव्हा मी चहा सांगायला गेलो होतो. परत आलो तो सेक्रेटरी होऊनच.

हे कॉम्प्लेक्स अण्णांच्या शेतावर उभं आहे. जमिनीचे पैसे आले तेव्हा गावात लोकांनी जीपगाड्या घेतल्या. एकाने गोठ्याला गुळगुळीत फरशी बसवली, तर म्हशी गिरक्या घेत धारेला यायला लागल्या. अण्णांनी पाट्यांचा धंदा काढला. तोही एकाच पाटीचा: 'बंबाची वाट. चाक टेकवू नये.' दुकानाची पाटी करून द्या म्हणत कुणी आलं, तर 'ते रंगाऱ्याचं काम' म्हणून ते हाकलून देत. सिंहगड रोडपासून वाघोलीपर्यंत जिथे जिथे काचेची इमारत उठली, तिथे तिथे अण्णा बांबू आणि पहार घेऊन हजर.

पाटीचा खांब रोवायची त्यांची तऱ्हा म्हणजे शेतात हद्दीचा दगड रोवण्याची. खड्डा स्वतः खणायचे, हळदकुंकू वाहायचे, नारळ फोडायचे. मग परीक्षा. "म्हस घासली तरी हलता कामा न्हाई, मास्तर," असं म्हणून ते खांबाला पाठ लावत आणि डोळे मिटून स्वतःच म्हशीसारखे अंग घासत. हा विधी भर दुपारी, गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली पोरंपोरी चहाला खाली उतरत, नेमका तेव्हा चाले. मी दूरवर उभा राहून जणू दुसऱ्याच कुणाची वाट पाहत असे. तेवढ्यात हाक यायची, "मास्तर, तुमीबी जरा घासून बघा!"

वरचे तीन मजले एक सॉफ्टवेअर कंपनी घेणार होती. तिच्या मॅडम पाहणीला आल्या. त्यांची अट एकच: इमारतीभोवती बंबाची वाट आखलेली हवी, आणि दोन दिवसांनी त्यांचे साहेब येतील तेव्हा ती पूर्ण मोकळी हवी. नाहीतर कंपनी वाघोलीला जाणार. कंपनी गेली की आमचे खालचे सगळे गाळे माश्या मारणार, माझा क्लास त्यात पहिला.

मॅडमनी पाट्यांचा नमुना आणला होता. करड्या पत्र्यावर करडी अक्षरं, तीही बारीक.

"ॲक्च्युअली अंकल, हे आमच्या ग्लासला मॅच होतं."

अण्णांनी पाटी उन्हात धरली, सावलीत धरली, डोळ्यांजवळ नेली. "बाई, आग काय तुमच्या काचंला शोभंल अशी लागणार हाय का?"

"पण अंकल, रेड फार लाऊड वाटतं."

"आगीपरीस?"

शेवटी पांढऱ्यावर लाल अक्षरं ठरली, रात्री दिव्यात चमकणारी. कारण आग काय मुहूर्त बघून दिवसाउजेडी लागत नाही. पहिल्या पाटीवर बाण पुढे, शेवटच्या पाटीवर बाण मागे, म्हणजे वाट कुठून कुठवर ते कुणी विचारायला नको. आणि उंची ड्रायव्हरच्या डोळ्यांची. "छताला पाटी लावून चिमन्यांना सांगायचंय का?"

वाटेत गाडी लावणाऱ्यांवर अण्णा तुटून पडत. लोक म्हणत, "दोनच मिनिटं," "अर्धंच चाक आहे हो," "जागा तर रिकामीच होती!" तिसऱ्या वाक्याला अण्णांचा चेहरा पाटीवरच्या अक्षरांहून लाल व्हायचा.

"बांध कोरनारा असंच म्हनतो! नांगराचा फाळ जरा आत घालायचा. कुनाला दिसतंय? आज चाक, उद्या गाडी, परवा सातबारा!"

शहरी वाचकांसाठी सांगतो: दोन शेतांमधला मातीचा वरंबा म्हणजे बांध. दर वर्षी नांगरताना थोडा थोडा कोरला की शेजाऱ्याचं शेत हळूहळू आपल्यात येतं. यावरून गावात जेवढी डोकी फुटली, तेवढे नारळ अण्णांनीही फोडले नसतील.

आणि इथेच ती दुसरी गोष्ट येते, जी सगळ्या कॉम्प्लेक्सला ठाऊक होती आणि कुणी बोलत नसे. अण्णांच्या समोरचा गाळा सोपानचा, दुधाच्या डेअरीचा. सोपान म्हणजे अण्णांचा सख्खा धाकटा भाऊ. वाटण्या झाल्या, मध्ये बांध पडला, आणि मग तो बांध कुणीतरी हातभर कोरला. कुणी कोरला यावर गावात दोन तट. दोघा भावांचं बोलणं मात्र त्या दिवसापासून बंद. पुढे दोघांची शेतं बिल्डरला गेली, दोघांना समोरासमोर गाळे मिळाले, आणि मधून जिथे बांध होता तिथूनच बंबाची वाट निघाली.

दोन गाळ्यांत अंतर एका बंबाचं. तरी अण्णा मला म्हणत, "मास्तर, त्या डेअरीवाल्याला सांगा, क्रेट आत घे."

समोरून सोपान म्हणे, "मास्तर, त्या पाटीवाल्याला सांगा, ऐकलं."

मी मधे उभा राहून एकाचं मराठी दुसऱ्याला मराठीतच सांगत असे.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटची आणि पहिल्यांदाच पूर्ण फेरी काढली. मॅडम वही घेऊन मागे, गाळेवाले मजा बघायला दारात. ठण ठण ठण! बांबूंपुढे डॉक्टरांची पाटी वाकली, बूटवाल्याचा स्टँड आत गेला, आणि खाली जिन्याशी ठेवलेला माझ्या क्लासचा फळा, ज्यावर मी स्वतःच्या हाताने 'उज्ज्वल भविष्य' लिहिलं होतं, तो अण्णांनी दया न दाखवता उपटला. "सेक्रेटरीचं भविष्य बी वाटंत नको!" वरून मुली टाळ्या वाजवत होत्या. मी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

आणि खाड्कन बंब थांबला.

एका बाजूचा बांबू सोपानच्या ओट्याला अडला होता. दुधाच्या कॅन ठेवायचा तो ओटा वाटेत हातभर पुढे आला होता. दुसऱ्या बाजूचा बांबू अण्णांच्या स्वतःच्या पायरीला घासत होता, त्यामुळे तिकडे सरकायलाही जागा नव्हती.

बूटवाल्याने आत गेलेला स्टँड आणखी आत ओढला, पुढच्या धुमश्चक्रीची तयारी म्हणून. सोपान ओट्यामागे कॅनवर हात ठेवून उभा.

"हा ओटा तोडावा लागेल," मॅडम म्हणाल्या. "कोण सांगणार त्यांना?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांकडे. आता 'आज चाक, उद्या गाडी' सुरू होणार, ते मी सोपानला शुद्ध भाषेत सांगणार, आणि तो मला कॅनमध्ये बुडवणार, इथवर मला स्वच्छ दिसत होतं.

अण्णा ओट्याकडे बघत राहिले. ज्या माणसाने वाघोलीपर्यंत एकालाही हातभर जागा सोडली नव्हती, त्याची मान हळूहळू खाली गेली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. भर वर्गात उभं केलेल्या पोरासारखे ते पायाच्या अंगठ्याने सिमेंट उकरू लागले.

"मास्तर, बंब खाली ठेवा."

ठेवला.

"हितंच व्हता बांध." आवाज इतका बारीक की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं. "ह्या अंगानं कोरला व्हता." आणि त्यांनी बोट दाखवलं ते स्वतःच्या गाळ्याकडे.

मी सवयीने सोपानकडे वळलो, निरोप सांगायला. पण ह्या वेळी त्याला तो थेट पोचला होता.

अण्णांनी पहार उचलली आणि आपल्या गाळ्याची पायरी फोडायला घेतली. चांगली कडाप्प्याची पायरी, गाळा मिळाला तेव्हा पूजा घालून बसवलेली. मॅडम म्हणाल्या, "अंकल, ही नाही, ती समोरची!" अण्णांनी ऐकलं नाही. घाव घालत राहिले. पायरी गेली, मागचा कट्टा हातभर गेला. मग त्यांनी आधी आखलेली पिवळी रेघ चपलेने खरवडली आणि तेवढीच हातभर आपल्याकडे घेऊन नवी मारली. वाट तेवढीच रुंद राहिली. फक्त एका गाळ्याकडून दुसऱ्या गाळ्याकडे जरा सरकली. सोपानचा ओटा जागच्या जागी.

"चला मास्तर, धरा," अण्णा चौकटीत शिरत म्हणाले. मागे वळून पाहिलं नाही.

मी वाकलो, तर बांबूवर आधीच एक हात होता. दुधाने ओला. सोपानने मला खांद्याने बाजूला सारलं आणि चौकटीत माझ्या जागी उभा राहिला.

बंब उठला. पुढच्याला मागे कोण आहे ते ठाऊक होतं की नाही, देव जाणे. पण त्याची पाठ एकदम ताठ झाली. दोन्ही बांबू दोन्ही गाळ्यांना न लागता पार झाले. घंटा मात्र वाजत नव्हती. थोडं अंतर तसंच गेलं, बांबूंच्या करकरण्यात.

मग मागून, डेअरीवाल्याच्या घोगऱ्या गळ्यातून, लाजत लाजत आलं: "ठण... ठण... ठण..."

वर मुली खो खो हसायला लागल्या. मी धावत जिना चढलो आणि खिडकी लावून घेतली.