बिराजदार सरांची अर्धी चित्रं

डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी मी ऑफिसच्या बसमध्ये असताना फोन वाजतो. पलीकडून 'हॅलो' नाही, 'कशी आहेस' नाही. थेट खणखणीत आवाज येतो, "सावली निळी पडली. आईला पाठव." आणि फोन बंद.

सरांचा आवाज असा आहे की फोन कानाला लावायची गरजच पडत नाही. शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला वाटलं, मी कुठल्या तरी भानगडीत अडकलेय. तिला समजावता समजावता विद्यानगरहून निघालेली बस हायटेक सिटीला पोचली, तरी तिच्या चेहऱ्यावरचा संशय काही गेला नाही. तिचं तरी काय चुकलं? बिराजदार सर समजावून सांगायची गोष्टच नाहीत. त्यांना बघावं लागतं.

सर हैदराबादेत जामबागच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि माझी आई तिथंच गणित. दोघंही रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण आई त्यांना अजून 'सर' म्हणते आणि ते तिला 'बाई'. सरांचं घर मूळचं बिदरकडचं, शेतीवाडीचं. स्वतः मात्र ते चिक्कडपल्लीत एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर राहतात. एक खोली त्यांची आणि उरलेलं सगळं आकाश, असा त्यांचा संसार. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "मौसम जमला नाही" म्हणतात आणि विचारणाऱ्याला चहा पाजतात.

हा 'मौसम' म्हणजे सरांचा देव, साहेब आणि पोटदुखी, सगळं एकच. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांना मान्य नाही. गच्चीच्या कठड्यावर पाण्याच्या टाकीची सावली पडते, ती ते रोज सकाळी हात मागे बांधून तपासतात. सावली निळी पडली की थंडी आली. वांग्याच्या रंगाची झाली की उन्हाळा. समोरच्या घराची पिवळी भिंत जड दिसायला लागली की पावसाळा, मग आकाशात ढग असोत वा नसोत. आणि पावसाळा व थंडी यांच्या मधला एक चौथा मौसम त्यांनी स्वतः काढलेला आहे. त्याचं नाव 'सीताफळाचा'. त्या दिवसांत बतुकम्माच्या सणासाठी बाजारात तंगेडूच्या पिवळ्या फुलांच्या पाट्या येतात. सर आख्खी पाटी उचलून आणतात आणि तिच्यासमोर मांडी घालून बसतात. फुलांवाचून मागं राहिलेल्या बाया तेलुगूत काय काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही. पुढं महिनाभर सरांची बोटं पिवळी असतात आणि त्याच बोटांनी ते आपल्याला बिस्किटं देतात.

इथपर्यंत ठीक आहे. चित्रकार माणूस, असायचाच थोडा तऱ्हेवाईक. पण सरांचा एक नियम आहे आणि त्या नियमानं निम्म्या हैदराबादला छळलंय. ज्या मौसमात चित्र सुरू केलं, त्याच मौसमात ते रंगवायचं. मौसम सरला की ब्रश खाली. मग चित्रात एक डोळा रंगवायचा राहिलेला असला, तरी ते चित्र भिंतीकडे तोंड करून उभं राहतं, थेट पुढच्या वर्षापर्यंत. खोलीच्या चार भिंतींना चार मौसमांच्या चळती आहेत. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या की नेमानं विचारतात, "सार, बोम्मा अय्यिंदा?" चित्र झालं का? सर तितक्याच नेमानं "इंका लेदु", अजून नाही, म्हणून वर चढतात.

एका नवऱ्या मुलीचं चित्र त्यांनी एका जानेवारीत सुरू केलं. चेहरा झाला, मुंडावळ्या झाल्या आणि दागिने राहिले असताना थंडी सरली. पुढच्या जानेवारीत ती आली ती कडेवर मूल घेऊन. खाली ठेवलं की मूल भोकाड पसरायचं. सरांनी शांतपणे मुंडावळ्या खरवडल्या आणि मूल रंगवायला घेतलं. त्याच्या पुढच्या वर्षी मूल मांडीवर बसेना. आता त्या चित्रात नवरीच्या शालूला धरून एक पोरगं उभं आहे आणि सासरच्या मंडळींनी ते दिवाणखान्यात लावायचा विचार सोडून दिला आहे. ती मात्र दर थंडीत पोराला घेऊन येते आणि चहा पिऊन जाते.

आंब्यांचं तर विचारूच नका. एका उन्हाळ्यात सरांनी टोपलीभर बेनिशान जातीचे आंबे मांडले. पाच रंगवून झाले, सहावा अर्धा झाला आणि सावलीनं रंग बदलला. पुढच्या उन्हाळ्यात सर ते चित्र बगलेत मारून फळबाजारात गेले. मी सोबत होते, हे माझं नशीब. प्रत्येक गाड्यापुढं चित्र उभं करायचं, आंबा उचलायचा, अर्ध्या आंब्याच्या शेजारी धरायचा, मान हलवायची आणि खाली ठेवायचा. शेवटी एका फळवाल्यानं हात जोडले. "चच्चा, पिछले साल का आम इस साल कां से लाऊं मैं?"

सर जराही न ओशाळता म्हणाले, "नक्को लाऊ. पुढच्या साली बघू."

तो आंबा अजून अर्धाच आहे.

माझा सगळा जन्म डेडलाइनच्या धाकात चाललेला. मला हे बघवत नाही. मी एकदा त्यांना शहाणपणा शिकवायला गेले. म्हटलं, सर, मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मग बारा महिने केव्हाही चित्र पूर्ण करता येईल. सरांनी माझा फोन हातात घेतला, आडवा केला, उभा केला, पालथा करून मागं बघितलं. "ह्यात हवा कुठंय, मंजू?"

"हवा कशाला लागते चित्राला?"

"बघ. सॉफ्टवेअरवाली बोलली." मग माझा पडलेला चेहरा बघून ते जरा मऊ झाले. "समोर पाहिजे गं सगळं. आठवणीतून काढलेलं चित्र म्हणजे शिळा भात. तुमच्या त्या एसीच्या घरात तर बारा महिने एकच महिना असतो. कसं जगायलाव तुम्ही लोक?"

"पण चित्र पूर्ण कधी व्हायचं?"

"घाई कायकू? मौसम येतोच की परत. त्याची कुठं बदली होते?"

सरांशी वाद घालून कुणी जिंकलेलं मी पाहिलेलं नाही. पैज मारून सांगते.

बाबा गेले त्यानंतरच्या थंडीत सर आमच्या घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "बाई, तुमचं चित्र काढायचंय. हिरवी नारायणपेठ नेसून या." आईनं त्या दिवसांत घराबाहेर पडणं सोडलं होतं. ती नको म्हणेल अशी माझी खात्री होती. पण तिनं विचारलं, "किती दिवस लागतील?" सर म्हणाले, "हप्ताभर." त्या हप्त्याला आता कितीतरी वर्षं झाली.

दर डिसेंबरात सावली निळी पडते, फोन येतो, आई ती हिरवी साडी काढते आणि रिक्षा करून चिक्कडपल्लीला जाते. साडी इतकी विरलीय की नेसताना श्वास धरावा लागतो, पण दुसरी चालत नाही. केस दर वर्षी आणखी पांढरे होतात, म्हणून सर गेल्या वर्षीचे केस खरवडून नवे काढतात. चष्मा बदलला की चष्मा खरवडतात. चित्र एक पाऊल पुढं जातं आणि दोन पावलं मागं येतं. आई परत येऊन माझ्यापाशी कुरकुरते. माझी आई म्हणजे उत्तराखाली दोन रेघा ओढल्याशिवाय मुलींना वही मिटू न देणारी बाई. "गणित असतं तर एव्हाना ताळा करून मोकळी झाले असते," म्हणते. पण परत येते तेव्हा तिचे गाल तरतरीत असतात. शाळेतल्या मुख्याध्यापकांची नक्कल करून ती मला हसवते. वर्षातले तेवढे दिवस ती जेवणात दुसऱ्यांदा भात घेते, हे मी बघून ठेवलंय.

यंदा माझी बदली पुण्याला झाली. मी एकुलती एक, तेव्हा आईही येणार हे ठरलेलंच होतं. मे संपायच्या आत घर रिकामं करायचं होतं. आईनं भांडी वाटली, पुस्तकं शाळेला दिली, कशाबद्दल तक्रार म्हणून केली नाही. फक्त एकदा म्हणाली, "सरांकडचं चित्र तेवढं राहिलं." मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी ते चित्र पूर्ण करून घ्यायचं आणि पुण्याच्या घरात समोरच्या भिंतीवर लावायचं.

एका संध्याकाळी मी गच्चीवर गेले. सर त्या अर्ध्या आंब्यापुढं बसले होते. मी विषय काढताच त्यांनी हात झटकला. "थंडी सरली, मामला खतम. डिसेंबरात बघू."

"सर, डिसेंबरात आम्ही इथं नसू. पुण्याला चाललोय. आईसुद्धा."

सरांचा ब्रश हातातच राहिला. मला वाटलं आता व्याख्यान सुरू होईल. पण त्यांनी ब्रश पुसला, मग पुसलेलाच पुन्हा पुसला.

"कधी?"

"महिनाअखेर."

"बरं. आईला सकाळी घेऊन ये. ऊन चढायच्या आत."

मी जिना उतरताना जिंकल्याच्या आनंदात होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा आईचं चित्र भिंतीपासून निघून रंगवायच्या लाकडी घोडीवर चढलेलं होतं. आई तिच्या खुर्चीत बसली. मी सरांच्या मागं स्टूल घेऊन बसले. सर एक शब्द न बोलता रंगवायला लागले. राहिलेला हात झाला, कान झाला, नाक झालं, साडीचा काठ झाला. मे महिन्याच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात त्यांनी तिच्या मानेखाली डिसेंबरातली निळी सावली उतरवली. आणि मग माझ्या लक्षात आलं की सर आईकडे बघतच नाहीत. एकदाही नाही. कानामागची बट, अंगठ्याजवळ खडूनं पडलेला घट्टा, ओठ आवळून हसू दाबायची तिची सवय, सगळं त्या माणसाला पाठ होतं. समोर पाहिजे म्हणून आम्हा सगळ्यांना सुनावणारा माणूस आठवणीतून काढत होता आणि हात एकदाही अडखळत नव्हता.

खाली रस्त्यावरचा इडलीवाला सकाळचा धंदा आटोपून स्टोव्ह बंद करतो, त्याच्या थोडं आधीच सर म्हणाले, "झालं."

आई उठून चित्रासमोर आली. मी अशी आई कधी पाहिली नव्हती आणि तरी ती पूर्ण माझी आईच होती. माझे डोळे भरून आले. आईचे नाही. ती गणिताची बाई, तिनं हिशेब केला.

"सर, हे पहिल्याच वर्षी झालं असतं."

"हौ."

"मग?"

सरांनी कठड्यापलीकडं बघितलं. नेहमीचा खणखणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "झालं असतं तर तुम्ही दुसऱ्या वर्षी कशाला आल्या असत्या, बाई? चित्र मिळालं की माणूस जातंय. इतके जिने चढून वर कोण येतंय माझ्याकडं?"

खोलीतल्या त्या चारी चळतींकडे माझी नजर गेली. नवरी, तिचं पोरगं आणि वर्षातून एकदा येऊन चहा पिऊन जाणारी आणखी कितीतरी माणसं तिथं अर्धी उभी होती. त्यांना पाठमोरं ठेवून हा माणूस त्यांची वाट बघत बसतो, हे मला तेव्हा कळलं.

आईनं चष्मा वर केला, खाली केला. चित्राच्या अगदी जवळ गेली. मग शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाली, "सर, हे नाक माझं नाही."

नाक हुबेहूब तिचं होतं. किंचित डावीकडे कललेलं, टोकाशी बसकं. तेच माझ्याही तोंडावर आहे, तेव्हा मी खात्रीनं सांगू शकते.

"आई, अगं..."

"तू गप बस. नाक चुकलंय. चुकलेलं मी घरी नेणार नाही. डिसेंबरात येते, तेव्हा समोर बसवून नीट काढा. आणि घाई करू नका, आजच्यासारखी."

सरांनी आईकडे बघितलं. त्या सकाळी पहिल्यांदाच. मग चित्राकडे बघितलं, मान एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं केली, आणि आवाजात पुन्हा तोच जुना तोरा आला.

"हौ, बाई. साफ चुकलं."

त्यांनी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि माझ्या आईचं ओलं, सुरेख, बिनचूक नाक एका हातानं पुसून टाकलं.